पोटरीतली हातभट्टी

हणमंतराव शेडगे यांनी नोकरीत हजारो लिटर दारू हाताळली, पण तिचा एक थेंबही कधी घशाखाली उतरू दिला नाही. दारूबंदी खात्यात ते शिपाई म्हणून लागले आणि निरीक्षक होऊन निवृत्त झाले. माण-खटावच्या ओढ्यांपासून पाटणच्या जंगलापर्यंत कुठल्या झुडपामागे भट्टी लागली आहे ते त्यांना म्हणे नुसत्या वासावरून कळायचं. घरात खोकल्याचं औषध आलं, तरी बाटलीवरची बारीक अक्षरं भिंगातून वाचल्याशिवाय ते चमचा पुढे करत नसत. त्यात चिमूटभर अल्कोहोल निघालं, की बाटली परत दुकानात.

अशा माणसाबरोबर संसार करणं हेमलताबाईंना जड गेलं, असं नाही. माणूस सरळ होता, हाताचा स्वच्छ होता, घरात कधी आवाज चढवत नव्हता. फक्त बोलायचा नाही. बोललाच तर पंचनामा सांगितल्यासारखा. "आमटीत मीठ आढळून आलं नाही," असं ते ताटावरून म्हणत आणि हेमलताबाई मुकाट्याने मिठाची बरणी पुढे सरकवत.

हेमलताबाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. बोलायची हौस वर्गात भागायची. उरलीसुरली घरी येऊन त्या माशांवर भागवायच्या. साताऱ्याच्या त्यांच्या घरात, बाहेरच्या खोलीत, चार फुटी काचेची टाकी होती आणि तिच्यात तीन गोल्डफिश. पाणी किती दिवसांनी आणि किती बदलायचं, दाणे किती टाकायचे, काचेवर धरलेलं शेवाळ कुठलं खरवडायचं आणि कुठलं राहू द्यायचं, हे सगळं त्या चुका करत करत शिकल्या होत्या. निवृत्तीनंतर तर सकाळचा चहा टाकीसमोरच व्हायचा. हणमंतराव त्या माशांना "तुझी मंडळी" म्हणत आणि त्यांच्याकडे पाठ करून पेपर वाचत.

त्यांचं स्वतःचं सुख निराळं होतं. रोज सकाळी अजिंक्यतारा चढायचा. किल्ल्याच्या पायथ्याशी स्कूटर लावायची, आणि मागेपुढे न बघता एका दमात मंगळाईच्या देवळापर्यंत जायचं. पाऊस असो, थंडी असो.

मग त्यांचे पाय गेले. म्हणजे दिसायला जागेवर होते, पण साखरेच्या आजारानं पोटऱ्यांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आतून बुजत आल्या होत्या. कोपऱ्यावरच्या दुधाच्या दुकानापर्यंत गेलं, की पोटरीत असा गोळा यायचा, की भिंतीला धरून उभं राहावं लागे. आधी किल्ला सुटला, मग बाजार सुटला. हणमंतराव दिवसभर खुर्चीत बसू लागले. मीठ आढळून आलं नाही, हेसुद्धा म्हणेनासे झाले. हेमलताबाईंना त्या शांततेची भीती वाटायला लागली.

रक्तवाहिन्यांच्या डॉक्टर निलोफर मुजावर वयानं तरुण होत्या आणि पेशंटला काका-काकू म्हणायच्या. त्यांनी सगळे फोटो बघून सांगितलं, "काका, तुमच्या वाहिन्या इतक्या बारीक ठिकाणी बंद झाल्यात, की तिथे नळी घालता येणार नाही. पण एक नवीन उपचार आलाय. पुण्याला चाचणी झाली, निकाल फार चांगले आलेत. तुमच्या घरी मासे आहेत का?"

"हिचे आहेत," हणमंतराव म्हणाले.

"गोल्डफिश?"

हेमलताबाई खुर्चीत पुढे सरकून बसल्या.

मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. स्नायूला काम करायला प्राणवायू लागतो. तो रक्तातून मिळाला नाही, तर स्नायू त्याच्याशिवायही थोडा वेळ काम रेटतो, पण त्यात एक आम्ल तयार होतं, ते साचत जातं आणि स्नायू पेटतो. काकांच्या पोटरीत येणारा गोळा म्हणजे तीच आग. माणूस काय, वाघ काय, सगळ्यांचं हेच. पण गोल्डफिशचं तसं नाही. थंड देशांत तळ्यावर बर्फाचं झाकण बसतं, खालच्या पाण्यात प्राणवायू उरत नाही, आणि तरी गोल्डफिश त्या अंधारात महिनोन्‌महिने जिवंत राहतो. कारण त्याच्या स्नायूंत एक जादा एन्झाइम असतं. एन्झाइम म्हणजे शरीरातला कारागीर, एका पदार्थाचा दुसरा पदार्थ करून देणारा. हा कारागीर ते आम्ल साचूच देत नाही. त्याचं दुसरंच काहीतरी करतो आणि ते कल्ल्यांतून पाण्यात सोडून देतो.

"आमच्या संशोधकांनी असे गोल्डफिश वाढवलेत," डॉक्टर म्हणाल्या, "की त्यांच्या अंगावर जो बुळबुळीत थर असतो ना, त्यात माणसाला चालेल असं हे एन्झाइम उतरतं. मऊ पट्टीनं तो थर थोडासा निपटायचा आणि एका चिकटपट्टीवर पसरवून ती पोटरीवर लावायची. पट्टीला केसाहून बारीक सुया असतात, त्या औषध आत नेतात. आठवडाभर पुरतं. पण हे औषध बाटलीत टिकत नाही, तासाभरात नासतं. म्हणून मासे पेशंटच्या घरीच ठेवावे लागतात."

हेमलताबाईंच्या डोक्यात मात्र एक प्रश्न राहिला होता. शिक्षिकेच्या सवयीनं त्यांनी विचारला. "त्या आम्लाचं दुसरं काहीतरी करतो म्हणालात. काय करतो?"

डॉक्टरांनी क्षणभर हणमंतरावांकडे पाहिलं. काका दारूबंदी खात्यात होते, हे त्यांना केसपेपरवरून माहीत होतं. "अल्कोहोल," त्या म्हणाल्या.

हणमंतराव काठी टेकत उठले.

"काका, बसा हो. अगदी कणभर. पिकलेल्या केळ्यात असतं तेवढं."

"म्हणजे माझ्या अंगात दारू तयार होणार."

"पोटरीत. थोडीशी."

"विनापरवाना," हणमंतराव म्हणाले आणि दाराकडे निघाले. पण दारापर्यंत पोचायच्या आत पोटरीत गोळा आला आणि चौकटीला धरून उभं राहावं लागलं. हेमलताबाई मागून आल्या. त्यांनी नवऱ्याचा दंड धरला आणि हळूच म्हणाल्या, "आयुष्यभर केळी खाल्लीत तुम्ही. एका केळ्यावर तरी कधी छापा घातलात का?"

हणमंतरावांनी चौकट सोडली. मग परत येऊन खुर्चीत बसले आणि कुठे सही करायची ते विचारलं.

दोन मासे पिशवीतल्या पाण्यातून आले. नारिंगी, गुबगुबीत, शेपट्या साडीच्या निऱ्यांसारख्या पसरलेल्या. हेमलताबाईंनी लगेच नावं ठेवली: जिलबी आणि बुंदी. हणमंतराव त्यांना "मुद्देमाल" म्हणाले.

अट अशी होती, की माशांचं सगळं पेशंटनं स्वतःच्या हातांनी करायचं. गोल्डफिश माणसं ओळखतो. ओळखीच्या हातात तो निवांत राहतो आणि तेव्हाच त्याच्या अंगावरचा थर दाट, औषधी असतो. घाबरलेल्या माशाचा थर पातळ होतो, त्यातून काही मिळत नाही. त्यामुळे हेमलताबाईंनी नुसतं शिकवायचं, हात लावायचा नाही.

त्यांना इतकी मजा कित्येक वर्षांत आली नव्हती.

"नवी टाकी भरली, की लगेच मासे सोडायचे नाहीत," त्या सांगत. "माशाची घाण पाण्यातच पडते, तिचं विष होतं. ते खाणारे जिवाणू टाकीत आधी वसवावे लागतात." मग त्यांनी आपल्या जुन्या टाकीच्या फिल्टरमधला काळपट स्पंज काढला. त्याचा अर्धा तुकडा त्यांनी नव्या फिल्टरसाठी दिला. हणमंतरावांना तो स्पंज फारच मळका वाटला. ते तो नळाखाली धरायला निघाले.

"नळाखाली नाही!" हेमलताबाई इतक्या जोरात ओरडल्या, की हणमंतरावांच्या हातून स्पंज पडला. "नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. सगळी वस्ती मारून टाकाल. टाकीच्याच पाण्यात हलकेच पिळायचा."

"या घाणीत वस्ती आहे?"

"तीच तर सगळं घर चालवते."

हणमंतरावांनी स्पंज उचलला आणि पुन्हा एकदा, जरा आदरानं, त्याच्याकडे पाहिलं.

दाणे किती द्यायचे हेही ठरलं होतं: मिनिटभरात संपतील तेवढेच. पण मासे हणमंतरावांना ओळखू लागले, आणि तिथेच घोटाळा झाला. ते खोलीत आले, की दोघं काचेशी येऊन सगळं अंग हलवत तोंड उघडझाप करायचे. हेमलताबाई गेल्या, तर ढुंकून बघायचे नाहीत. आयुष्यभर ज्या माणसाला पाहून लोक झुडपात पळाले, त्याच्याकडे कुणीतरी इतक्या उत्साहानं धावत येत होतं. हणमंतराव विरघळले. येता-जाता चिमूटभर, कुणी बघत नसताना आणखी चिमूटभर.

आठवड्यानं पाणी दुधाळ झालं आणि एके दुपारी बुंदी तळाशी जाऊन बसली. पंख अंगाशी मिटलेले, कल्ले भराभर हलत होते.

"अहो, किती वेळा खायला घातलंत?" हेमलताबाईंनी विचारलं.

हणमंतरावांनी खरं उत्तर दिलं. खोटं त्यांना येतच नव्हतं. हेमलताबाईंनी डोक्याला हात लावला. मग दोघांनी मिळून निम्मं पाणी उपसलं, क्लोरीन काढून टाकलेलं नवं पाणी अंदाज घेत थोडं थोडं ओतलं, तळाचे कुजके दाणे नळीनं ओढून घेतले. पाय दुखत असताना हणमंतराव बादल्या भरत राहिले. काम संपल्यावर त्यांनी बाही वर केली, हात पाण्यात घातला आणि तसाच ठेवला. बुंदी हलली नाही. जिलबी येऊन बोटांना तोंड लावून गेली.

"आता फक्त वाट बघायची," हेमलताबाई म्हणाल्या. "मूठभर प्रेम कमी करा, जगेल ती."

संध्याकाळ होता होता बुंदी तळावरून उठली, हेलकावे खात वर आली आणि त्यांच्या तळव्यावर येऊन टेकली. त्या दिवसानंतर हणमंतरावांनी मुद्देमाल हा शब्द काढला नाही. सकाळी उठले, की आधी टाकीपाशी जाऊन विचारायचे, "काय जिलबीबाई, बरं आहे ना?" आणि स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या हेमलताबाई, हे आपल्याला कधी कुणी विचारलं होतं का, ते आठवून बघायच्या.

पहिली पट्टी लावली, तो दिवस स्वच्छ होता. हणमंतरावांनी बुंदीला पाण्यातच तळव्यावर घेतलं, मऊ पट्टी डोक्याकडून शेपटीकडे एकदाच फिरवली. मासा लहान मुलानं न्हाऊन घ्यावं तसा निमूट पडून राहिला. दुसऱ्या दिवशी हणमंतराव दुधाच्या दुकानापर्यंत जाऊन आले. तिसऱ्या दिवशी बाजारपेठेत जाऊन कंदी पेढे घेऊन आले, तेही चालत. आणि चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी स्कूटरची किल्ली घेतली.

"मीही येते," हेमलताबाई म्हणाल्या. एकट्याला सोडायची छातीच होईना.

पायथ्याला स्कूटर लावली. हणमंतरावांनी वर पाहिलं आणि ते सुटले. हेमलताबाईंना वाटलं होतं, जपून जातील, पण वळणावळणाला त्यांची पाठ लहान होत गेली. त्या धापा टाकत, कमरेवर हात ठेवत, बऱ्याच मागून वर पोचल्या. बघतात तर हणमंतराव देवळाजवळच्या तटावर दोन्ही हात पसरून उभे होते, आणि गात होते. आवाज भसाडा होता, पण जोर असा, की भाविक वळून बघत होते.

"हेमा!" ते ओरडले.

हेमलताबाई थबकल्या. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. या माणसानं त्यांना "ऐकलं का" आणि "अगं" याशिवाय कशानंही हाक मारली नव्हती.

"हेमा, इकडे ये. ते बघ यवतेश्वर. ती बघ तुझी शाळा. मी रोज इथून तुझी शाळा बघायचो, माहीत आहे? रोज. तू पहिल्या तासाला उशिरा जायचीस. डबा विसरून परत वळायचीस. मला इथून दिसायचं आणि हसू यायचं."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"कसं सांगणार? तू समोर आलीस, की मला काही सुचायचंच नाही. लग्नाच्या दिवशी तू अशी दिसत होतीस..." आणि ती कशी दिसत होती हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी तिचा हात धरला, भर गडावर, चार लोकांसमोर.

हेमलताबाईंच्या आयुष्यातली ती सगळ्यात सुंदर सकाळ होती. वारा होता, खाली साताऱ्याची घरं उन्हात चमकत होती, आणि नवरा थांबायचं नावच घेत नव्हता. त्या पुढे झुकल्या तेव्हा त्यांना त्याच्या श्वासाचा वास आला. गोडसर, आंबूस. त्या काय समजायचं ते समजल्या. आणि तरी गप्प बसल्या. आणखी थोडं ऐकायचं होतं त्यांना.

खाली उतरले तेव्हा पायथ्याला सकाळच्या फिरायला आलेल्यांची गर्दी होती. बाजी यादवच्या चहाच्या गाडीभोवती कोंडाळं जमलं होतं. हणमंतरावांनी ऐटीत किल्ली फिरवली. त्या सुमारास नव्या-जुन्या सगळ्या गाड्यांच्या हँडलमध्ये श्वास हुंगणारं कुलूप बसवायचा कायदा झाला होता. तो व्हावा म्हणून स्वतः हणमंतरावांनी गावोगाव भाषणं केली होती.

स्कूटर सुरू झाली नाही. तिनं एक घंटी वाजवली आणि बाईच्या खणखणीत आवाजात जाहीर केलं, "चालकाने मद्यप्राशन केले आहे. कृपया वाहन चालवू नये. चालकाने मद्यप्राशन केले आहे."

चहाचे कप हवेतच थांबले.

"खोटं आहे!" हणमंतराव गरजले आणि थोडे झुलले. "मशीन खोटं बोलतंय. चालकाने केळं... केळं प्राशन केलंय!"

कुणीतरी फिस्‌कन हसलं. तेवढ्यात चहाच्या गाडीमागून बाजी यादव पुढे आला. तरुणपणी त्याच्या तीन भट्ट्या हणमंतरावांनी लाथेनं उलथ्या केल्या होत्या, दोनदा त्याला आत टाकलं होतं. आता म्हातारा झाला होता, चालताना जरा लंगडायचा. सगळ्यांना वाटलं, हा आता हिशेब चुकता करणार. बाजीनं हणमंतरावांच्या बगलेत हात घातला, त्यांना बाकावर बसवलं आणि लिंबू पिळलेलं पाणी त्यांच्या हातात दिलं.

"पहिलीच येळ का, सायेब?" त्यानं मायेनं विचारलं. "घाबरायचं न्हाई. हळूहळू प्या. डोळं मिटू नका, लई फिरल."

हणमंतराव ते पाणी प्याले आणि त्यांनी मान खाली घातली.

घरी आल्यावर त्यांनी पट्टी काढून टाकली. डॉक्टर मुजावरांना फोन झाला. त्यांना आधी कळेचना, मग कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारल्याचा आवाज फोनमधून आला. "काकू, पुण्याच्या चाचणीतली सगळी माणसं बागेत, सपाटीवर चालली होती. किल्ला एका दमात कुणी चढेल, हे आमच्या कुणाच्या ध्यानातच आलं नाही! माशाला कल्ले असतात, तो अल्कोहोल पाण्यात सोडून मोकळा होतो. आपल्याला कल्ले कुठे? ते रक्तातच फिरत राहतं. आणि हे पाहा, पाय दुखत नाहीत म्हणून त्यांना असं पळवायचं नसतं. काकांना सांगा, दम लागायच्या आत थांबायचं. थांबत थांबत गेलं, तर स्नायू उपाशी पडतच नाही, अल्कोहोल होतच नाही. शिवाय असं रोज चाललं, तर पायात नव्या बारीक वाहिन्या फुटतात. वर्षभरात कदाचित पट्टीची गरजही उरणार नाही."

पण हणमंतराव ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. ते पुन्हा खुर्चीत बसले. गावात कोण काय म्हणतंय, याचा विचार करत राहिले. फक्त टाकीपाशी जाणं त्यांनी सोडलं नाही. दाणे मोजून टाकत होते, पाणी वेळेवर बदलत होते. जिलबी आणि बुंदी होत्या तशाच अंग हलवत धावत येत होत्या. त्यांना अब्रूचं काही देणंघेणं नव्हतं.

असेच काही दिवस गेल्यावर हेमलताबाई त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. दोघंही टाकीकडे बघत होते. एकमेकांकडे न बघता बोलणं त्यांना सोपं जात होतं.

"एक विचारू? वर गडावर जे बोललात, ते तुम्ही बोललात, की दारू बोलली?"

हणमंतरावांनी बराच विचार केला. "नमुना तपासल्याशिवाय सांगता येणार नाही," ते म्हणाले.

ही थट्टा नव्हती. हेमलताबाईंना हसू आलं आणि रडूही. "मला एक गोष्ट कबूल करायची आहे," त्या म्हणाल्या. "मला वास आला होता. मी तिथेच तुम्हाला खाली बसवायला हवं होतं. पण नाही बसवलं. तुम्ही बोलत होतात ना, म्हणून. तुमची अशी फजिती झाली, आणि मला मात्र रोज सकाळी उठल्यावर तीच सकाळ आठवते. अडतीस वर्षं मी माशांशी बोलतेय हो. त्यांचं तोंड हलतं, पण आवाज येत नाही."

बुंदी काचेशी येऊन दोघांकडे आळीपाळीनं बघत होती.

"मग तपासू या," हणमंतराव म्हणाले. "नमुना."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी पट्टी लावली आणि पायात दोन दिवस औषध मुरू दिलं. तिसऱ्या दिवशी दोघं निघाले. या वेळी हणमंतराव पुढे गेले नाहीत. हेमलताबाईंच्या चालीनं चालले, आणि ती चाल डॉक्टरांनी सांगितली होती बरोबर तशीच निघाली. त्या दर वळणावर थांबायच्या, कधी धाप लागली म्हणून, कधी एखादं फूल बघायला, कधी कुणाशी दोन शब्द बोलायला. एका वळणावर खंड्या दिसला. पुढच्यावर घाणेरीच्या झुडपातून बुलबुल उडाले. हणमंतरावांना हा किल्ला इतकी वर्षं चढून यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते वर पोचले तेव्हा ऊन बरंच आलं होतं, आणि त्यांचं डोकं काचेसारखं स्वच्छ होतं.

दोघं त्याच तटापाशी उभे राहिले. हेमलताबाई वाट बघत होत्या. समोर यवतेश्वर होता, खाली शाळा होती.

हणमंतरावांनी घसा खाकरला. "हवा छान आहे," ते म्हणाले.

"हो," हेमलताबाई म्हणाल्या.

मग आणखी काही झालं नाही. देवीला नमस्कार करून ते उतरायला लागले. हेमलताबाईंनी स्वतःला समजावलं, की काय हरकत आहे. नवरा चालतोय, शेजारी चालतोय, वाटेत दोनदा हातही दिला त्यानं. हे काय कमी आहे? दारू बोलली होती, एवढंच. आता ते कळलं. आजारी माणूस बरा झाला, याहून जास्त मागायचं नसतं. तरी शेवटच्या वळणावर त्यांनी पदरानं डोळे टिपले आणि धूळ गेली म्हणाल्या.

पायथ्याला तशीच गर्दी होती, तेच चहाचे कप. हणमंतरावांना बघताच कुजबुज सुरू झाली. ते थेट स्कूटरपाशी गेले, पण बसले नाहीत.

"बाजी," त्यांनी हाक मारली. "इकडे ये. आणि तुम्ही, बँकवाले जगताप ना? तुम्हीही या. पंच म्हणून उभे राहा."

"कसलं पंच, सायेब?" बाजी कपाळाला आठ्या घालत आला.

"सांगतो." हणमंतराव हँडलवर वाकले आणि छातीभर श्वास सोडला. स्कूटरनं घंटी वाजवली नाही. हिरवा दिवा लागला आणि त्याच बाईनं तेवढ्याच खणखणीत आवाजात सांगितलं, "चालक शुद्धीत आहे. प्रवासास शुभेच्छा."

"पंचांनी ऐकलं?"

"ऐकलं की," बाजी म्हणाला.

"शुद्धीत आहे, असं म्हणाली?"

"व्हय."

हणमंतराव वळले आणि सावधान उभे राहतात तसे उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. "मग आता माझा जबाब. वर दिला असता, पण तिथे पंच नव्हते, आणि पंचांशिवाय घेतलेला जबाब टिकत नाही." त्यांनी हेमलताबाईंकडे पाहिलं. "हेमा, त्या दिवशी मी जे बोललो ते मीच बोललो. तू मला फार आवडतेस. पहिल्यापासून. कुठल्याही दबावाखाली किंवा अमलाखाली न येता सांगतोय."

गाडीवरचं दूध उतू गेलं. कुणी पातेलं खाली उतरवलं नाही.

सगळे आता हेमलताबाईंकडे बघत होते. आयुष्यभर ज्या वाक्याची वाट पाहिली ते कानांवर पडलं होतं. आता काहीतरी म्हणायला हवं होतं. त्यांनी तोंड उघडलं, आणि शब्दच येईना. त्यांचं तोंड नुसतं उघडझाप करू लागलं. तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं, की आपणही हे या माणसाला कधी सांगितलेलं नाही. एकदाही नाही. मिठाची बरणी सरकवली, डबे भरले, माशांना सगळं सांगितलं, पण त्याला? तो बोलत नाही, म्हणून रुसण्यात आपली सगळी वर्षं गेली, आणि तोही तिकडे गडावर एकटाच उभा राहून शाळेकडे बघत राहिला.

"माझंही तेच," त्या पुटपुटल्या.

"ऐकू आलं नाही," हणमंतराव म्हणाले.

"माझंही तेच आहे म्हटलं!"

"तेच म्हणजे काय? नोंद स्पष्ट पाहिजे. बाजी, तुला कळलं का काही?"

"न्हाई बा," बाजी यादव दोन्ही हात हलवत म्हणाला. त्याचा चेहरा हसून हसून फुटायच्या बेतात होता. "पंचाला काय बी ऐकू आलं न्हाई, वहिनी. मोठ्यानं बोला."

मग हेमलताबाई शेडगे यांनी पदर खोचला, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो जुना आवाज काढला, आणि नवऱ्याबद्दल त्यांचं काय मत होतं ते पूर्ण वाक्यात, नावानिशी सांगितलं. इतक्या मोठ्यानं सांगितलं, की किल्ल्याच्या वरच्या वळणावर चढत असलेली माणसं थांबली, कठड्यावरून खाली वाकून बघू लागली, आणि काय झालं ते न कळताच त्यांनी टाळ्या वाजवल्या.